पाइपलाइन रिकामी करताना हवेचा दाब आणि पाण्याचा प्रवाह : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर

लाइन पीव्हीसीची, ८०० मीटर लांब. बाहेरचा व्यास ३१५ मि.मी., भिंत ७.७ मि.मी., म्हणजे आतला व्यास ३०० धरायला हरकत नाही. वरचे टोक खालच्यापेक्षा २४ मीटर उंच आणि उतार एकसारखा. खाली १०० मि.मी.चा स्कॉवर व्हॉल्व्ह (लाइन रिकामी करायचा), वर एअर व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणारा). लाइन रिकामी करताना वरच्या टोकाला दाब किती खाली जातो आणि तो आवरायला एअर व्हॉल्व्ह केवढा लागतो, हे आधी गणिताने काढायचे. गणित जमले की नाही हे छोट्या पारदर्शक पाइपवर तपासायचे, मगच लाइनवर जायचे.

दाब खाली गेल्याने बिघडते काय? पोलादी पाइपाला फारसे काही होत नाही. ३०० मि.मी. व्यास आणि ३ मि.मी. भिंत असलेली पोलादी नळी बाहेरून साधारण ४४० किलोपास्कल दाबापर्यंत चेपत नाही, आणि पूर्ण निर्वात झाला तरी बाहेरचा, म्हणजे वातावरणाचा दाब १०१ च्या वर जात नाही. आपल्या पीव्हीसी पाइपाचा तोच हिशेब ११० च्या आसपास येतो. तोही नवा, पूर्ण गोल आणि २० अंशांवरचा पाइप धरून. पाइप उन्हात तापला असेल, मातीच्या भाराने थोडा लंबगोल झाला असेल, तर एवढीशी मोकळीक कधीच संपलेली असते. शिवाय भिंत चेपण्याच्या बऱ्याच आधी रबरी रिंगचे सांधे आत ओढले जातात आणि खंदकातले गढूळ पाणी लाइनमध्ये शिरते. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला हा धोका चेपण्याइतकाच गंभीर मानावा.

१२ नोव्हेंबर

मॉडेल ठरले. पाण्याचा स्तंभ दृढ धरायचा, म्हणजे सगळे पाणी एकाच वेगाने सरकते असे मानायचे. समीकरणे अशी:

जलस्तंभ : वेगाचा बदल = (आतल्या हवेचा दाब − बाहेरचा दाब) ÷ (पाण्याची घनता × स्तंभाची उरलेली लांबी) + गुरुत्वत्वरण × उतार − घर्षणांक × वेग² ÷ (२ × व्यास) − किरकोळ तोट्यांचा (व्हॉल्व्ह, तोंड यांत वाया जाणाऱ्या दाबाचा) गुणांक × वेग² ÷ (२ × उरलेली लांबी).

पृष्ठभाग : उरलेली लांबी ज्या दराने कमी होते तोच वेग.

बंद हवा : दाब × घनफळाचा घात = कायम. घातांक १.० (हवेला भिंतीतून उष्णता घ्यायला भरपूर वेळ मिळाला) ते १.४ (अजिबात मिळाला नाही) यांच्या मध्ये. सुरुवात १.२ ने.

एअर व्हॉल्व्ह असेल तर आत येणाऱ्या हवेचे वस्तुमान वेगळे मोजायचे. आतला दाब बाहेरच्या ०.५२८ पटीच्या वर असेपर्यंत नेहमीचे दाबानुसार वाढणाऱ्या प्रवाहाचे सूत्र चालते. त्याखाली भोकातला वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि दाब आणखी उतरला तरी एक ग्रॅमही हवा जास्त येत नाही. दाबफरकात ही मर्यादा सुमारे ४८ किलोपास्कलची.

घर्षणाच्या पदात वेग² न लिहिता वेग × वेगाचे निरपेक्ष मूल्य लिहावे. बंद हवेच्या केसमध्ये पाणी मागेही जाते. चिन्ह चुकले तर घर्षणच पाण्याला ढकलू लागते, आणि आलेख वरवर ठीक दिसत असल्याने ही चूक सहज हाती लागत नाही.

पाण्याची आणि पाइपाची लवचिकता सोडून दिली आहे. छोट्या पाइपात हवेच्या कप्प्याचा ताठरपणा पाण्याच्या ताठरपणाच्या शंभराव्या भागाहूनही कमी येतो. जलाघाताची (पाण्यातून धावणाऱ्या दाबलाटांची) समीकरणे लावून गणनेचा वेळ तेवढा वाढेल, उत्तर बदलणार नाही.

१७ नोव्हेंबर

मांडणी उभी राहिली. ॲक्रिलिक पाइप, आतला व्यास ४४ मि.मी., लांबी ६ मीटर, वरचे टोक २.४ मीटर उंच. खाली २५ मि.मी.चा बॉल व्हॉल्व्ह, त्याच्या पुढचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडवलेले आणि टाकीची पातळी पाइपाच्या खालच्या टोकाच्या उंचीवर. वर आटे पाडलेले झाकण. त्यात बंद बूच किंवा ठरावीक भोकाची पितळी चकती बसते.

तोंड बुडवणे गरजेचे आहे. उघड्या तोंडातला वेग ०.५४ × √(गुरुत्वत्वरण × व्यास) च्या खाली गेला की हवा पाइपाच्या माथ्याला धरून उलटी आत शिरते. २५ मि.मी. तोंडासाठी हा वेग ०.२७ मीटर प्रतिसेकंद. बंद टोकाच्या चाचणीत पाणी थांबतेच, म्हणजे हवा नक्की शिरणार, आणि मॉडेलमध्ये या हवेला जागाच नाही.

दाबाचा सेन्सर निरपेक्ष दाबाचा (पूर्ण निर्वातापासून मोजणारा), ० ते २ बार (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल). नेहमीचा ० ते १० बारचा गेज सेन्सर वातावरणाच्या खाली काहीच दाखवत नाही. काट्याच्या कंपाउंड गेजला निर्वात दिसतो, पण काटा हलेपर्यंत घटना आटोपलेली असते. स्तंभ आणि बंद हवा मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखे वागतात. वर ३०० मि.मी. लांबीची हवा कोंडली तर आंदोलनकाल ०.९७ सेकंद येतो. सेकंदाला एक नोंद घेणारा डेटा लॉगर इथे बिनकामाचा, म्हणून सेकंदाला २०० नोंदी ठेवल्या.

पातळी व्हिडिओवरून वाचायची, आणि ती पाइपाच्या मध्यरेषेवर. पाण्याचा पृष्ठभाग आडवा राहतो, त्यामुळे या उतारावर तो पाइपाच्या लांबीत सुमारे १०० मि.मी. पसरतो. वरच्या कडेला वाचले तर ५० मि.मी. एकीकडे, खालच्या कडेला वाचले तर ५० दुसरीकडे. हवाच मुळात ३०० मि.मी. असताना एवढा फरक परवडत नाही. ८०० मीटरच्या लाइनवर हाच पृष्ठभाग १० मीटर पसरेल, पण तिथे ते खपून जाते.

१९ नोव्हेंबर

तोट्यांचा गुणांक काढला. वरचे झाकण पूर्ण काढून खालचा व्हॉल्व्ह उघडला. स्तंभाची लांबी ५.७ वरून १.० मीटरवर यायला ४.१ सेकंद. घर्षणांक ०.०२२५ (गुळगुळीत नळी, रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह किती खळबळता याचे माप, काही दहा हजारांत) धरल्यावर व्हॉल्व्ह आणि तोंड मिळून मुख्य पाइपातल्या वेगावर १५ चा गुणांक येतो. ४४ वरून २५ वर येताना वेग ३.१ पट होतो आणि तोटा त्याच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १५ हा आकडा मोठा वाटला तरी बरोबर आहे. झाकण काढूनच हे करावे. हवेचा दाब आणि व्हॉल्व्हचा तोटा ही दोन अज्ञाते एकाच चाचणीतून काढायला गेले की एकाची चूक दुसऱ्यात लपते.

२४ नोव्हेंबर

बंद टोक, ३०० मि.मी. हवा, बॉल व्हॉल्व्ह झटकन पूर्ण उघडा.

दाब १०१.३ किलोपास्कलवरून अर्ध्या सेकंदाच्या आसपास ६६ पर्यंत आपटतो, मग वर येतो, झुलतो, आणि चार-पाच हेलकाव्यांत शांत होतो. मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह क्षणात उघडला असे धरले तर तळ ६५ येतो. हाताने उघडायला ०.२ सेकंद लागतात, ते घातल्यावर फरक उरत नाही. घर्षणच नसते तर तळ ६२.८ असता. स्थिर तोल मात्र ७९.३ वर आहे. म्हणजे नुसत्या स्थितिकीच्या हिशेबाने २२ किलोपास्कलचा निर्वात (दाब वातावरणाच्या जितका खाली तितका) धरून जो बसेल त्याला प्रत्यक्षात ३५ भेटतात.

व्हॉल्व्ह तीन सेकंदांत सावकाश उघडला की हा झोका जवळजवळ नाहीसा होतो.

पाण्याचा थांबा : सेन्सरपर्यंतची हवा धरली नाही तर मॉडेल म्हणते पाणी शेवटी ८३ मि.मी. उतरेल. प्रत्यक्षात उतरले ८९. झाकणापासून सेन्सरपर्यंत ६ मि.मी. आतल्या व्यासाची १.२ मीटर नळी आहे. तिच्यातली ३४ घनसेंटिमीटर हवा म्हणजे मुख्य पाइपातले २२ मि.मी. ती धरली की मॉडेलही ८९ देते. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. शेवटचा दाब दोन्ही हिशेबांत जवळपास तोच येतो, कारण तो उरलेल्या पाण्याच्या उंचीवर ठरतो. नुसता दाब जुळवून मॉडेल पास केले असते तर ही चोरटी हवा कधीच सापडली नसती. जुळवणी दाब आणि सरक (पाणी किती उतरले) या दोन्हींवर करावी.

झुलणे थांबल्यावर पाणी आधी ७३ मि.मी.वर स्थिरावते आणि मग अर्ध्या-एक मिनिटात हळूहळू ८९ पर्यंत सरकते. व्हॉल्व्ह गळत असल्याची शंका येते, पण कारण उष्णतेचे आहे. फुगलेली हवा थंड झालेली असते, भिंत तिला परत तापवते आणि घातांक १.२ वरून १.० कडे येतो.

या थंडाव्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावाही मिळतो. व्हॉल्व्ह उघडताच वरच्या हवेत क्षणभर पांढुरके धुके भरते, झोक्याबरोबर विरते, पुन्हा धरते. घातांक १.२ धरला तर तळाशी हवेचे तापमान सुमारे २० अंशांनी पडते, आणि पाण्यावर कोंडलेली हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. वाफेचे थेंब होताना सुटलेली उष्णता हवेलाच मिळते. घातांक १.४ पर्यंत चढत नाही, त्याचे एक कारण हेही.

२५ नोव्हेंबर

घातांकावर फार वेळ घालवू नये, याचा आकड्यांत हिशेब. घर्षण वगळून १.२ ने तळाचा दाब ६२.८, १.० ने ६३.३. अर्ध्या किलोपास्कलचा फरक. सरक मात्र १५८ वरून १९४ मि.मी. होते आणि आंदोलनकाल ०.९७ वरून १.०६ सेकंद. पाइप चेपेल का, सांधे ओढले जातील का, एवढेच विचारायचे असेल तर घातांक १.२ ठेवून पुढे जावे.

२७ नोव्हेंबर

झाकणात भोकाच्या चकत्या. भोकाचा गुणांक (आदर्श प्रवाहाच्या किती पट प्रत्यक्षात जातो) ०.६. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, वर काहीच अडथळा नसता तर प्रवाह २.४ लिटर प्रतिसेकंद. सुरुवातीचा झोका सोडून टिकून राहणारा निर्वात :

३ मि.मी. भोक : १९.७ किलोपास्कल
६ मि.मी. : ७.६
१० मि.मी. : १.४

३ मि.मी.चे भोक असणे नसण्यासारखेच. बंद टोकाचा स्थिर निर्वात २२ होता, हे भोक त्यातले दोन वाचवते. पाणी मात्र थांबत नाही, तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने उतरत राहते. लाइन रिकामी होतेय, म्हणजे वर सगळे ठीक आहे, असा समज नेमका अशाच वेळी होतो.

चकतीची धार कुठल्या बाजूला आहे हे पाहावे. ड्रिल केल्यावर एका बाजूला कड मोडलेली असेल आणि ती बाहेरच्या अंगाला आली, तर भोकाचा गुणांक ०.६ च्या बराच वर जातो.

३ डिसेंबर

आता ८०० मीटरची लाइन. घर्षणांक ०.०२, स्कॉवर व्हॉल्व्हचा गुणांक ०.६ म्हणजे मुख्य पाइपातल्या वेगावर २२५. वर हवेला अडथळा नाही असे धरले तर वेग १.३ मीटर प्रतिसेकंद, प्रवाह ९२ लिटर प्रतिसेकंद. लाइनमधले ५६.५ घनमीटर पाणी साधारण १९ मिनिटांत उतरते. स्कॉवरच्या तोंडाशी वेग ११.७ मीटर प्रतिसेकंद. हा झोत उघड्या मातीवर सोडला तर खड्डा पडेल, म्हणून पुढे काँक्रीटची कुंडी आणि पाइपाच्या वाकाला आधाराचा ठोकळा हवाच.

जडत्वाचा भाग पहिल्या दहा-बारा सेकंदांतच संपतो, नंतर वेग आणि दाब जवळजवळ तोलात चालतात. म्हणून छोट्या मांडणीला गणनेत १ मिलिसेकंदाची पायरी लागली तरी इथे ०.०५ सेकंद पुरते. एक पथ्य : हवेची सुरुवातीची लांबी शून्य देऊ नये, तिने भागायचे असते.

एअर व्हॉल्व्हचे निकाल, गुणांक ०.६ धरून. ५० मि.मी. : निर्वात ३.५ किलोपास्कल. २५ मि.मी. : ३४. व्यास निम्मा केला तर निर्वात दसपट होतो, आणि एअर व्हॉल्व्ह निवडताना जी ३५ किलोपास्कलची कमाल मर्यादा पुष्कळदा धरली जाते तिला २५ चा व्हॉल्व्ह टेकतो. ५० चाच घ्यायचा.

पण ०.६ हा धारदार भोकाचा आकडा. एअर व्हॉल्व्हमध्ये गोळा असतो, जाळी असते, हवा वळणे घेत आत येते. गुणांक ०.३ धरला तर ५० मि.मी.च्या त्याच व्हॉल्व्हवर निर्वात १२ वर जातो. उत्पादकाचा आलेख वाचताना तो हवा बाहेर जातानाचा आहे की आत येतानाचा, हे पाहावे. दोन्ही एकच नसतात.

५ डिसेंबर

एअर व्हॉल्व्हचा गोळा अडकला तर? वर दोन मीटर हवा आणि बाकी सगळे बंद, असे चालवले. बंद हवेचे सूत्र दाब ०.४ किलोपास्कलपर्यंत नेते. हे खोटे आहे. २० अंशांवर पाण्याचा बाष्पदाब २.३४, तिथे पोचताच पाणी उकळू लागते आणि दाब त्याखाली जात नाही. विरघळलेली हवाही सुटते. म्हणून मॉडेलमध्ये दाबाला बाष्पदाबाचा तळ घातला. तो नसेल तर गणना गुपचूप पुढे जाते.

तळ घातल्यावर : साधारण १०.१ मीटर उंचीचे पाणी वातावरण तोलून धरते. लाइनच्या उतारावर ते ३३६ मीटर लांब, सुमारे २४ घनमीटर. म्हणजे दोन पंचमांशांहून जास्त पाणी आतच, आणि वरच्या अर्ध्या-अधिक लांबीत जवळपास पूर्ण निर्वात. १० नोव्हेंबरचे ११० किलोपास्कल इथे आठवावेत.

प्रत्यक्षात ते तसे टांगून राहत नाही. स्कॉवरमधला वेग ०.५४ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली गेला की तोंडातून हवेचे गोळे उलटे वर चढतात आणि लाइन गचके देत, गुडगुडत रिकामी होते. मॉडेल इथे संपते. पण जागेवरच्या माणसाला याहून स्पष्ट खूण मिळणार नाही : स्कॉवरची सलग धार तुटून तो गचके देऊ लागला की वर हवा जात नाहीये. अशा वेळी स्कॉवर आधी बंद करावा, मग वरच्या टोकाकडे जावे. निर्वात असलेल्या लाइनचे झाकण किंवा एअर व्हॉल्व्ह एकदम सैल केला तर हवा झेपावते, टांगलेला स्तंभ सुटतो आणि खाली स्कॉवर उघडाच असेल तर झोत अचानक वाढतो. वरचा बूच आट्यांनी थोडा थोडा सोडावा, हात भोकापासून दूर ठेवून.

१५ डिसेंबर

लाइनवर चाचणी. नवा ५० मि.मी.चा एअर व्हॉल्व्ह, त्याच्या खालच्या टॅपिंगला (पाइपाला पाडलेल्या छिद्राच्या जोडाला) निरपेक्ष दाबाचा सेन्सर. टॅपिंग पाइपाच्या माथ्यावरच घेतले. बाजूला घेतले तर नळीत पाणी अडकते आणि दर १०० मि.मी. पाण्यामागे जवळपास एक किलोपास्कल फरक पडतो. वातावरणाचा दाब त्याच सेन्सरने व्हॉल्व्ह उघडण्याआधी घेतला, हवामानाच्या आकड्यावर विसंबलो नाही.

स्कॉवर सावकाश उघडला. स्लुइस व्हॉल्व्हच्या (फेऱ्या देऊन आतली झडप वर उचलायच्या) पहिल्या थोड्या फेऱ्यांतच बराचसा प्रवाह सुटतो, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या सर्वांत हळू आणि शेवटच्या झटपट. उलटे करण्याची सवय सगळीकडे दिसते.

सर्वाधिक निर्वात ९ किलोपास्कल, पूर्ण उघडल्यानंतर लगेच. पुढे पातळी उतरेल तसा कमी होत गेला. ९ वरून उलटा हिशेब केला तर व्हॉल्व्हचा गुणांक ०.३६. मॉडेलमध्ये हाच घातला. कीटकजाळी काढून पुन्हा चालवल्यावर निर्वात ६ च्या खाली आला, म्हणजे अडथळ्याचा मोठा वाटा जाळीचा. जाळी काढून ठेवता येणार नाही. त्यामुळे जास्त क्षेत्रफळाची, घुमटाकार जाळी बसवायची, आणि देखभालीच्या यादीत ती स्वच्छ करण्याचे काम स्कॉवर उघडण्याच्या आधीच्या ओळीत लिहायचे. निम्मी तुंबलेली जाळी मॉडेलमध्ये गुणांक ०.१८ धरून चालवायची आहे. उत्तर २० किलोपास्कलच्या वर आले तर ५० ऐवजी ८० चा व्हॉल्व्ह.